‘आईचं बघून शिकली’ म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाळीआधी बाईची चिडचिड झाली की आमच्या सिडकोत एक वाक्य ठरलेलं असतं, ‘आईचं बघून शिकली.’ माझी आई त्या आठवड्यात भांडी आपटायची. धाकटी बहीण सिन्नरला सासरी हेच ऐकते. म्हणजे वळणच तसं, असं सगळ्यांनी धरून टाकलंय.

जुळ्या बहिणींच्या अभ्यासांत हे टिकत नाही. एकसारख्या जुळ्या आणि वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्या, दोन्ही जोड्या एकाच आईच्या नजरेखाली वाढतात. नुसती सवय असती तर दोन्हींत साम्य सारखंच दिसलं असतं. पण जनुकं एकच असलेल्या एकसारख्या जुळ्यांत ते जास्त दिसतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात केंडलर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडलेल्या अभ्यासात, पाळीआधीच्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या त्रासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ५६ टक्के निघाला. एका घरात वाढल्याचा परिणाम आढळला नाही. (माझ्या रागातला निम्मा राग आईचा, असा हिशेब मात्र कुणी करू नये. हा आकडा बायकाबायकांमधल्या फरकाचा आहे.)

बाकीचा वाटा जिच्या-तिच्या आयुष्याचा. मी अंबडला कारखान्यात रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, तपासते. शिफ्ट बदलून झोप मोडली की माझे ते दिवस फार जड जातात. भिंगाखाली कॉन्टॅक्टमधली फट बघताना हात हलत नाही, पण कुणी ‘ताई, जरा लवकर’ एवढं म्हटलं तरी डोळे भरतात.

डॉक्टरांकडे गेले. हार्मोनचा रिपोर्ट नॉर्मल आला, ‘मनावर घेऊ नका’ म्हणाले. अहो, नॉर्मल येणारच! बहुतेकींची हार्मोनची पातळी ठीकच असते, त्या पातळीला शरीर देतं तो प्रतिसाद वेगळा असतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांना पीएमडीडी, म्हणजे या त्रासाचा तीव्र प्रकार असलेल्या बायकांच्या पेशींतच जनुकांच्या कामात फरक दिसला.

याचं निदान रोजच्या नोंदीतून होतं, तीही सलग दोन पाळ्यांची. पाळी आल्यावर त्रास ओसरतो की महिनाभर राहतो, हे त्यातून कळतं आणि उपचार त्यावर ठरतात. आई कालनिर्णयवर तारखेला नुसती फुली मारायची. झोप, रडू, राग लिहायला त्या चौकोनात जागाच नव्हती.

तेव्हा एक विनंती. आपल्या पुरवणीत असा दोन महिन्यांचा कोरा तक्ता छापा, कापून फ्रिजवर लावता येईल एवढा. जागा नसेल तर एका आठवड्याचं राशिभविष्य वगळलंत तरी आमची हरकत नाही.

– एक कामगार वाचक, सिडको, नाशिक