सूचना : तिरफळाच्या फांद्या तोडू नका

सर्व सभासदांना नम्र विनंती. तिरफळं उतरवायचे दिवस आले. खोडाला काटे, चढणं कठीण, म्हणून आपण सरसकट फांद्याच तोडतो. यंदा ते टाळा. आकडीने फक्त घोस काढा.

मलबार बँडेड पीकॉक हे काळं-हिरवं देखणं फुलपाखरू पश्चिम घाटाबाहेर कुठेच सापडत नाही. केरळने २०१८मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याच्या अळ्या तिरफळाच्याच पानांवर वाढतात. लहान अळी पक्ष्याची विष्ठा वाटते, मोठी पानासारखी हिरवीगार. झटकू नका, फवारणी तर नकोच. बांधावर आपोआप रुजलेली रोपंही राखा. बांगड्याच्या तिखल्याला चार दाणे पुरतात, अळीला मात्र सगळी पानं लागतात.

अळी दिसल्यास फोटो काढून गटावर टाका.