गोल मुद्रा म्हणजे ॲपचा आयकॉन नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नगरपालिका, नागरी सहकारी बँक, पतसंस्था, शिक्षणसंस्था, आता प्रत्येकाचे ॲप असते. त्याच्या निविदेत किंवा वर्क ऑर्डरमध्ये आयकॉनबद्दल काही असलेच, तर एवढेच असते : ‘ॲपवर संस्थेचे बोधचिन्ह वापरावे.’ पुढे काय होते ते कोणत्याही फोनवर पाहावे. मध्ये समई किंवा चाक आणि ओंब्या, भोवती गोल फिरलेले संस्थेचे पूर्ण नाव, तळाशी स्थापना वर्ष आणि कधी कधी नोंदणी क्रमांकही. हे सगळे सेंटिमीटरभर जागेत. अँड्रॉइडवर नावाची कड कापली जाते, आयफोनवर चारी कोपऱ्यांत पांढरे कोपरे उरतात. बोधचिन्हाला दोष देण्यात अर्थ नाही, ते लेटरहेड आणि पाटीसाठी बनले होते. घोळ होतो तो दोन वेगळ्या यंत्रणांना एकच फाइल पाठवण्यामुळे. हे काम करून घेणारे संचालक, मुख्याधिकारी, विश्वस्त आपले वाचक आहेत, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

आयफोनला 1024 बाय 1024 पिक्सेलची चौकोनी पीएनजी लागते. पार्श्वभूमी पूर्ण भरलेली, कोपरे काटकोनी. गोलाई फोन स्वतः देतो, आणि 2013 च्या आयओएस 7 पासून ती साध्या वर्तुळाच्या तुकड्याची राहिलेली नाही. सरळ कड हळूहळू वळणात शिरते. त्यामुळे डिझायनरने कोपरे आधीच गोल करून दिले की त्याचे वळण आणि फोनचे वळण जुळत नाही, आणि मधली फट पांढरी किंवा काळी कोर होऊन दिसते. या मुख्य चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक असेल तर ॲप स्टोअर फाइल परतच पाठवते. चित्र डोळ्यांना पूर्ण भरलेले दिसत असले तरी फाइलमध्ये पारदर्शकतेचा अल्फा चॅनल शिल्लक असू शकतो. मॅकवरच्या प्रिव्ह्यूमधून एक्स्पोर्ट करताना ‘अल्फा’ची खूण काढली की काम होते. या एका खुणेपायी ॲप अडकलेले असते आणि कारण कुणाला सापडत नसते.

ॲप बनवण्याचे ॲपलचे साधन म्हणजे एक्सकोड. 2022 च्या एक्सकोड 14 पासून बाकीचे आकार या एका फाइलवरून बनवता येतात : होम स्क्रीनसाठी 180 किंवा 120 पिक्सेल, सेटिंग्जसाठी 87 किंवा 58, नोटिफिकेशनसाठी 60 किंवा 40. सोय झाली, पण पूर्वी हे आकार एकेक करून हाताने काढताना काय वाचता येत नाही ते डिझायनरला दिसायचे, ते आता दिसत नाही. हिशेब सोपा आहे. मुद्रेच्या कडेची अक्षरे मूळ फाइलमध्ये 60 पिक्सेल उंच असतील, तर होम स्क्रीनवर ती साडेदहा पिक्सेल होतात आणि नोटिफिकेशनमध्ये साडेतीन. साडेतीन पिक्सेलमध्ये ‘सहकारी’ लिहिता येत नाही, तिथे राखाडी पट्टा उमटतो. आमचा दंडक असा : 1024 च्या चौकटीत 40 पिक्सेलपेक्षा बारीक रेघ नको, आणि दोन रेघांमधली मोकळी जागाही तेवढी तरी हवी.

अँड्रॉइडची मागणी मुळातच वेगळी आहे. 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून आयकॉन दोन थरांत द्यायचा असतो, मागचा रंगाचा आणि पुढचा चिन्हाचा. दोन्ही थर 108 बाय 108 डीपी (पडद्याच्या दाटीप्रमाणे कमी-जास्त पिक्सेल होणारे अँड्रॉइडचे माप), म्हणजे सर्वांत दाट पडद्यांच्या हिशेबाने 432 पिक्सेल. पण प्रत्यक्ष दिसतो तो फक्त मधला 72 डीपीचा भाग. बाजूचे 18-18 डीपी हालचालीसाठी राखीव असतात, आयकॉन ओढताना थर किंचित सरकतात तेव्हा कड उघडी पडू नये म्हणून. त्या 72 चा आकार कोणता, हे ॲप बनवणारा ठरवत नाही. गूगलच्या ‘पिक्सेल’ फोनवर वर्तुळ, सॅमसंगवर फुगीर चौकोन, आणखी कुठे गोल कोपऱ्यांचा चौकोन. कोणत्याही आकारात कापले जाणार नाही याची हमी फक्त मधल्या 66 डीपी व्यासाच्या वर्तुळाला आहे.

आयफोनसाठी केलेले चौकोनी चित्र तसेच्या तसे पुढच्या थरात टाकले तर रुंदीचे दोन तृतीयांशच उरते, आणि वर्तुळाकार आयकॉन असेल तर क्षेत्रफळाचे जेमतेम 35 टक्के. कडेने फिरलेले नाव त्या उरलेल्या 65 टक्क्यांत असते! उलट बाजूने, मुद्रा आक्रसून 66 डीपीत बसवली तर ती कापली जात नाही, पण गोलात गोल असा बटणासारखा प्रकार होतो आणि अक्षरे आणखी बारीक होतात. दोन थर दिलेच नाहीत तर अनेक फोन जुने चित्र लहान करून पांढऱ्या तबकात ठेवतात. शेजारच्या भरगच्च आयकॉनांमध्ये संस्थेचे ॲप फिके आणि लहान दिसते ते बहुतेक वेळा याच कारणाने.

देवनागरीचा प्रश्न यापुढचा आहे, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिका त्यावर गप्प असतात. रोमन अक्षर वर्तुळात बरे बसते. आपल्या अक्षराची सर्वांत रुंद रेघ, शिरोरेषा, वरच्या भागात असते, आणि वर्तुळ नेमके तिथेच अरुंद होत जाते. सुरक्षित वर्तुळात केंद्रापासून 18 डीपी वर शिरोरेषा ठेवली, तर तिला 55 डीपी रुंदी मिळते. तिच्यावर वेलांटी, मात्रा किंवा रफार आला आणि त्याचे टोक 27 डीपीवर गेले, तर तिथे रुंदी उरते फक्त 38. म्हणून ‘की’, ‘र्या’, ‘नौ’ यांसारख्या अक्षरांची वरची उजवी बाजू आधी कापली जाते, आणि मात्रा कापलेले अक्षर म्हणजे वेगळेच अक्षर.

संस्थेच्या नावाचे एकच अक्षर घ्यावे, शक्यतो शिरोरेषेच्या वर काही नसलेले. पूर्ण शब्द घालायचा हट्ट असेल तर आकडे पाहा : उंचीच्या तिप्पट रुंद शब्द त्या वर्तुळात जास्तीत जास्त 21 डीपी उंच बसतो, आणि या 21 मध्ये वेलांटी आणि उकार दोन्ही आले. मूळ अक्षराच्या वाट्याला 12-13 उरतात. जोडाक्षरांमध्ये ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांच्या पोटातल्या जागा लहान आकारात बुजतात. ती वापरायचीच असतील तर फाँटमधून उचलू नयेत, आयकॉनपुरती मोकळी करून नव्याने काढावीत. मध्य साधतानाही संगणकाच्या ‘सेंटर’ आज्ञेवर विसंबू नये. देवनागरी अक्षराचे वजन वर शिरोरेषेकडे आणि बरेचदा उजवीकडे कान्याकडे असते. मोजून मध्यावर ठेवलेले अक्षर वर चढल्यासारखे दिसते. एक-दोन डीपी खाली आणि किंचित डावीकडे सरकवून हातभर अंतरावरून पाहावे.

एक युक्ती मात्र आपल्यासारख्या शिरोरेषेच्या लिपींनाच जमते. शिरोरेषा आयकॉनच्या दोन्ही कडांपर्यंत थेट न्यावी. आयफोनवर चौकट भरलेली, बांधेसूद दिसते. अँड्रॉइडवर हीच रेघ 72 डीपीवर न थांबवता 108 पर्यंत न्यायची, म्हणजे थर सरकला तरी तिचे तुटके टोक दिसत नाही, आणि वर्तुळाने कापली तरी अक्षराचे काही बिघडत नाही. मर्यादा मोडायचीच तर अशी, ठरवून.

आता रंगाबद्दल. 2022 च्या अँड्रॉइड 13 पासून वापरणारा सगळे आयकॉन वॉलपेपरच्या रंगछटेत आणू शकतो. त्यासाठी ॲपने तिसरा, एकरंगी थर द्यायचा असतो, आणि त्यात फोन फक्त आकार पाहतो, रंग पाहत नाही. रंगीत मुद्रा तिथे दिली तर भरीव चकती दिसते. 2024 च्या आयओएस 18 ने गडद आणि रंगछटेचा असे आणखी दोन प्रकार आणले. गडद आयकॉन पारदर्शक पार्श्वभूमीवर आणि छटेचा करड्या रंगांत द्यायचा. ते दिले नाहीत तर फोन आपल्या मनाने बनवतो, आणि काळ्या रेघांचे चिन्ह काळ्यावर गडप होऊ शकते. 2025 च्या आयओएस 26 ने तर काचेसारखे थर आणले, ज्यासाठी ॲपलने आयकॉन कंपोजर नावाचे वेगळे साधन दिले आहे. गंमत अशी की पारदर्शकावर पांढरे चिन्ह आणि बाकी रंग वापरणाऱ्याच्या आवडीचा, ही पद्धत 2010 च्या विंडोज फोनमध्ये होती. तो फोन बाजारातून गेला, त्याची मागणी मात्र दोन्ही प्रतिस्पर्ध्यांकडून परत आली आहे. तेव्हा एका रंगात ओळखू येईल असा आकार आधी ठरवावा, रंग नंतर.

बँकेचा संदेश आला की अँड्रॉइड फोनच्या वरच्या पट्टीत नुसता पांढरा किंवा राखाडी चौकोन दिसतो, हे अनेकांनी पाहिले असेल. कारण वरचेच. अँड्रॉइड 5 पासून तिथला लहान आयकॉन पारदर्शकावर पांढरा, 24 डीपीचा आणि वेगळा द्यावा लागतो. मुख्य आयकॉनच तिथे जोडला की त्याची भरलेली पार्श्वभूमी पांढरी होते आणि आतले सगळे बुजते. आयफोनला ही वेगळी फाइल लागत नाही. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि तरी ते राहून जाते, कारण ते मागितलेलेच नसते.

मूळ फाइल कुठून येते यावरही बरेच अवलंबून असते. संस्थेचे बोधचिन्ह बहुधा छापखान्यात किंवा फ्लेक्सवाल्याकडे कोरल ड्रॉच्या फाइलमध्ये असते, आणि नाव श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसेल तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे येतात. म्हणून फाइल घेतानाच अक्षरे कर्व्ह्जमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या आकृत्यांमध्ये, बदलून घ्यावीत. अँड्रॉइडचे व्हेक्टर चित्र (पिक्सेलऐवजी रेघांच्या आकृत्यांनी बनलेले) फाँटवर अवलंबून असलेला जिवंत मजकूर मुळी स्वीकारतच नाही, एसव्हीजी या व्हेक्टर फाइलमधला तसा मजकूर वगळला जातो. कर्व्ह्ज केल्यावरही एक खोच उरते. काना आणि शिरोरेषा जिथे एकमेकांवर चढतात तिथे दोन आकृत्या असतील आणि भरण्याचा नियम ‘इव्हन-ऑड’ असेल, तर त्या सांध्यात चौकोनी भोक पडते. सगळ्या आकृत्या ‘युनियन’ किंवा ‘वेल्ड’ करून एक कराव्यात. छपाईची फाइल सीएमवायके या शाईच्या रंगपद्धतीत असते. ती एसआरजीबी या पडद्याच्या रंगपद्धतीत आपोआप बदलू दिली तर भगवा विटकरी होतो. रंग पडद्यावर नव्याने निवडावा.

राजमुद्रेबद्दल एक कायदेशीर सूचना. खासगी ॲपवर अशोकस्तंभ छापणे हा 2005 च्या कायद्याने गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शासकीय योजनांचे फॉर्म भरून देणारी खासगी ॲप हे सर्रास करतात आणि लोक त्यावर विश्वास ठेवून आधार क्रमांक देतात.

तेव्हा वर्क ऑर्डरमध्ये ‘बोधचिन्ह वापरावे’ऐवजी असे लिहावे : मूळ चिन्हाची कर्व्ह्जमधली एसव्हीजी, आयफोनसाठी 1024 पिक्सेलचे साधे, गडद आणि छटेचे चित्र, किंवा आयकॉन कंपोजरची फाइल, अँड्रॉइडसाठी पुढचा, मागचा आणि एकरंगी असे तीन व्हेक्टर थर, नोटिफिकेशनचा पांढरा आयकॉन, आणि प्ले स्टोअरसाठी 512 पिक्सेलची, 1024 केबीच्या आतली चौकोनी पीएनजी, जिच्यात सावली आणि गोल कोपरे नसतील, कारण ते प्ले स्टोअर स्वतः देते. ‘मोफत’, ‘क्रमांक 1’ असले शब्द आयकॉनवर नकोत, गूगलच्या नियमांत ते बसत नाहीत. संस्थेचे दुसरे ॲप पिग्मी एजंटांसाठी असेल, तर त्याच आयकॉनवर कोपऱ्यात ‘एजंट’ लिहून भागत नाही. पार्श्वभूमीचा रंग आणि चिन्ह दोन्ही बदलावे, नाहीतर ग्राहक चुकीचे ॲप उतरवून घेतो.

काम ताब्यात घेताना आयकॉन प्रोजेक्टरवर मोठा करून पाहू नये. गोल आयकॉनांचा एक अँड्रॉइड, चौकोनी आयकॉनांचा दुसरा आणि एक आयफोन समोर ठेवावा. फिका आणि गडद असे दोन वॉलपेपर लावावेत, रंगछटा चालू करून पाहावी, आणि एक चाचणी संदेश पाठवून वरची पट्टी पाहावी. आयकॉन पुढे बदलायचा झाला तर आयफोनवर ॲपची नवी आवृत्ती पाठवावीच लागते, कारण स्टोअरमधले चित्र ॲपच्या आतूनच उचलले जाते. प्ले स्टोअरचे चित्र मात्र कन्सोलमधून, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या पानावरून, स्वतंत्रपणे बदलते. तेवढेच बदलून थांबले, तर दुकानात नवा आयकॉन आणि लोकांच्या फोनवर जुना, अशी स्थिती पुढचे अपडेट येईपर्यंत राहते.

आपले,
ॲप-आरेखनाचे काम करणारे काही वाचक, पुणे