बंडीचा गवगवा

पुणे,
२० फेब्रुवारी

प्रिय शालू,

दिवाळीपासून माझं एक अक्षर नाही. काय शिव्या घालायच्या त्या घालून घे, पाणी पी आणि मग पुढं वाच. तब्येती ठीक. माझ्या गोळ्या त्याच, ह्यांचा खोकला गेला. झालं तब्येतीचं.

आता जे झालंय ते तुलाच सांगता येईल. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी हॉस्टेल सांगा, रेक्टरबाई सांगा, काळं ब्लाउज सांगा, एवढा दम कुणाला आहे?

आमच्या ऑफिसात नवीन लागलेली एक पोरगी आहे. गोड आहे, पण हातात फोन असला की तिचा भरवसा नाही. तिनं थंडीभर गुपचूप माझे फोटो काढले आणि परवा सगळे एकत्र जोडून ग्रुपवर टाकले. प्रत्येकात तीच माझी मातकट खादीची बंडी. पांढऱ्या कुडत्यावर बंडी, महेश्वरीवर बंडी, पदर बंडीच्या आत, पदर बंडीच्या बाहेर. एका फोटोत तर बंडी खुर्चीच्या पाठीवर आणि मी डबा खातेय. वर लिहिलेलं, 'मंगल मॅडम: एक बंडी, रोज नवी'. खाली टाळ्या आणि हसरे चेहरे. शालू, त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे मी किती वेळ बघत बसले असेन! कशाला हसतायत? आमच्याकडं नवरात्रातले नऊ रंग म्हणजे धर्मकृत्य. वर्तमानपत्रानं चालू केलेली टूम ती, पण रंग चुकला तर लिफ्टमध्ये नजर वरपासून खालपर्यंत फिरते. त्याच बायका माझ्या बंडीला टाळ्या वाजवायला लागल्या तर मला संशय येणार नाही?

त्यात साहेबांनी कहर केला. महिला दिनाला मी पंधरा मिनिटं बोलायचं. विषय, मोजक्या कपड्यांत वसंत ऋतूची वेशभूषा. नुसतं बोलायचं नाही, एकेक कपडा घालून दाखवायचा. स्टेजवर! मी! जिला गॅदरिंगला फक्त पडदा ओढायला ठेवलं होतं. (पडदा अडकला तो दोरीमुळं. हे मी शेवटचं सांगतेय.)

ती पोरगी म्हणते, मोजकेच कपडे आलटून पालटून घालायचे ह्याला कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात, आणि १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये डोना करन नावाच्या बाईनं सात कपड्यांचा असा संच काढून नाव कमावलं. १९८५! तेव्हा आपण दहावीत. पुढं कोल्हापुरात हॉस्टेलवर आपण दोघी मिळून किती कपड्यांत राहिलो ते तिला सांगितलं, तर त्या बाईच्या शेजारी आपलाही फोटो लावील.

ते ब्लाउज आठवतंय ना? तुझ्या आत्यानं गुळेदगुड्डहून आणलेला खण. पन्हा एवढासा, की काठ बाहीवर यायला हवा म्हटल्यावर शिंप्यानं आधी कपाळाला हात लावला आणि मग कात्री. हुकांसमोर लूपच्या दोन रांगा, आतली तुझी, बाहेरची माझी. बगलेत दोन बोटं माया. काळ्यात तांबडा धागा असल्यामुळं उन्हात एक रंग आणि ट्यूबलाइटखाली दुसरा, म्हणून ते कशावरही जायचं. तुझ्या हिरव्या नारायणपेठीवर, माझ्या इरकलीवर, परकरावर घालून वरून ओढणी घेतली तर थेट घागरा. दोघींनी वार वाटून घेतले होते. आणि ग्रुप फोटो गुरुवारी होता. गुरुवार माझा होता. फोटोत ब्लाउज तुझ्या अंगात आहे आणि मी मागच्या रांगेत त्या पिवळ्या टिपक्यांच्या झब्ब्यात, कावीळ झाल्यासारखी. तू अजून म्हणतेस बुधवार होता.

तर मला नेमकं काय खातंय ते सांगते. तेव्हा तेच तेच घालायचो कारण दुसरं नव्हतं, आणि नाही हे कुणाला कळू नये म्हणून ती सगळी कसरत. आज कपाटाचं दार लागत नाही, तरी माझा हात बंडीकडंच जातो, आणि लोक त्याला स्टाइल म्हणतात. मग माइकसमोर काय सांगू? हॉस्टेल सांगितलं तर समोरच्या बायका 'बिचाऱ्या' असा चेहरा करतील. तो चेहरा मला ह्या वयात नको. नाही सांगितलं तर मी कुठल्या तरी मासिकातून हे शिकून आले असं वाटेल, आणि बोलता बोलता मलाच हसू फुटेल. रात्री ह्यांना विचारलं. म्हणाले, "दोन साड्या दाखव आणि खाली ये." ह्यांना काय विचारायचं!

तरी काल सगळं पलंगावर मांडून बघितलं. सध्या इथं सकाळी बसस्टॉपवर दात वाजतात आणि दुपारी डोकं तापतं, म्हणजे अंगावरून एकेक उतरवता येईल असंच घालावं लागतं. पांढरा कुडता, त्यावर बंडी, त्यावर ती अजरखची ओढणी. सकाळी ओढणी शालीसारखी, दुपारी बंडी खुर्चीवर आणि ओढणी डोक्याला, संध्याकाळी कुणाकडं जायचं असलं तर बंडी परत चढवायची आणि ओढणी एका खांद्यावर. ओढणी दोन्हीकडून छापलेली आहे, त्यामुळं उलटी पडली तरी कळत नाही.

महेश्वरीची गंमत तर तुला माहीतच नाही. तिच्या काठाला बुगडी म्हणतात, तो दोन्ही बाजूंनी सारखाच सुबक असतो. साडी उलटून नेसता येते, पण फॉल लावला की एक बाजू जन्माची उलटी झाली. आमच्या फॉल-बीडिंगवाल्या बाई ऐकेनात. "फॉलशिवाय निऱ्या नीट बसायच्या नाहीत, मग माझं नाव घ्याल." शेवटी नुसता पिको करून घेतला. निऱ्या थोड्या उडतात हे खरं, बाईंना सांगत नाही. पण मागच्या महिन्यात डब्यातली आमटी सांडली तेव्हा डागाची बाजू आत घेऊन मी दुसऱ्या दिवशी तीच नेसून गेले, आणि शेजारची म्हणाली, नवी का? ही गोष्ट सांगू का स्टेजवर? मला वाटतं सांगावी.

लेक म्हणते, साडीवर बाबांचा पांढरा शर्ट घाल, बाह्या दुमडून. थट्टा म्हणून घातला आणि शालू, चक्क बरा दिसला. खाली रेशमी काठ आणि वर कडक कॉलर. तिकडं हे शर्ट शोधत घरभर फिरत होते.

माझ्या हल्लीच्या काळ्या ब्लाउजवर मात्र सासूबाई अडून बसल्यात. काळं संक्रांतीला ठीक, पाडव्याला आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला नाही. त्यांच्याशी वाद नको म्हणून पोपटी एक शिवायला टाकलंय. तीच महेश्वरी, पोपटी ब्लाउज, मोगरा, हातात पन्ह्याचा पेला, म्हणजे कुणाच्या लक्षात राहत नाही की हीच साडी मी परवा ऑफिसला नेसले होते. माझं तर स्पष्ट मत झालंय की बायकांनी साडीचे पैसे वाचवून शिंप्याला द्यावेत. ब्लाउज बसत नसेल तर पैठणीही जुन्या बाजारातली वाटते. हे मात्र मी ठणकावून सांगणार आहे, कुणाचा चेहरा कसाही होवो.

तुझं सांग. निखिलचं हुबळीचं काम झालं का? भाऊजींना रिटायरमेंट मानवली की दिवसभर स्वयंपाकघरात लुडबूड? गुडघ्याचं तेल लावतेस की नुसतं कपाटात ठेवलंयस? सगळं फोनवर बोलू, इथं जागा नाही.

आता काम. माझी इरकल निखिलच्या मुंजीपासून तुझ्याकडं आहे. मागायची लाज वाटत होती असं नाही, तू देशील की नाही ह्याची खात्री नव्हती. पण मला ती त्या दिवशी हवी. अंगाला टोपपदर कसा कोंड्या घालून जोडतात ते त्या पोरींना जवळून दाखवायचंय. सुताचं अंग आणि रेशमी पदर एकमेकांत अडकवून विणलेले असतात, हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही. आपलं ते हॉस्टेलचं काळं ब्लाउज माझ्याकडं आहे. लूपच्या दोन्ही रांगा शाबूत, पण आता माझा नुसता दंड जातो त्यात.

आणि खरं विचारायचंय ते हे. हॉस्टेलची गोष्ट निम्मी तुझी आहे. तू नको म्हणालीस तर मी महेश्वरी आणि आमटीवर पंधरा मिनिटं काढीन. हो म्हणालीस तर मात्र पुढच्या रांगेत येऊन बस. वंदे भारत बेळगावला थांबते, आता एसटीची सबब चालायची नाही. तू समोर असलीस तर मी ती गोष्ट बिचारेपणा न आणता सांगू शकेन, कारण कुठं मी खोटं घातलं तर तू तिथंच हसशील. रविवारच्या आत कळव, त्या पोरीला पोस्टर छापायला द्यायचंय.

तुझी,
मंगी

ता. क. येताना कुंदा आण, पण साडीच्या पिशवीत नको. मागच्या वेळी तूप पिशवीभर झालं होतं. इरकलीला फॉल लावलेला आहे, ती उलटून नेसता येणार नाही.