जांभळ्या भिंतींची खोली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

व्हॅन गॉगच्या ‘शयनगृहा’ची नक्कल करायला घेतोयस हे वाचून फार आनंद झाला. पण भिंतीसाठी तू कोबाल्ट ब्लू आणि पांढरा एवढेच रंग काढून ठेवले आहेस म्हणे. तेव्हा ब्रश लावण्याआधी हे पत्र पूर्ण वाच. ती भिंत निळी नव्हती.

१६ ऑक्टोबर १८८८ ला दक्षिण फ्रान्समधल्या आर्लहून व्हिन्सेंट व्हॅन गॉगने आपला भाऊ थिओला हे चित्र कळवलं, सोबत रेखाटनही पाठवलं. रंग त्याने एकेक करून सांगितले आहेत. भिंती फिकट जांभळ्या, जमीन लाल फरशीची, पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या, चादर आणि उशा अगदी फिकट लिंबाच्या हिरव्या, पांघरूण लालभडक, खिडकी हिरवी, हात-तोंड धुण्याचं टेबल नारिंगी, त्यावरचं तस्त निळं, दारं फिकट जांभळी. आता हे वाचून तुझ्याकडची छापील प्रत बघ. भिंती निळ्या, दारं निळी, फरशी तपकिरीकडे झुकलेली. छपाईची चूक नाही ही, मूळ कॅनव्हासच असा झाला आहे.

या यादीत रंग जोड्यांनी आले आहेत. जांभळ्यासमोर पिवळा, लालसमोर हिरवा, नारिंगीसमोर निळा. शेजारी ठेवले की दोघंही जास्त उजळतात. पॅरिसच्या गोब्लाँ या गालिच्यांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती की गालिच्यातला काळा धागा फिका वाटतो. त्याने तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हतीच, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ चा. पन्नास वर्षांनी तोच नियम आर्लच्या एका लहानशा खोलीत येऊन बसला. व्हिन्सेंटला त्या खोलीतून विश्रांती दाखवायची होती. सावल्या त्याने काढून टाकल्या आणि जपानी छापचित्रांसारखे सपाट रंग भरले. सावल्या नाहीत म्हणजे सगळा भार रंगांच्या नात्यावर. भिंतीतला जांभळा गेला की पलंगाच्या पिवळ्याचा जोडीदारच गेला. म्हणून माझा आग्रह आहे की तू आजच्या छटा उतरवू नकोस, त्याने मांडलेली नाती उतरव.

जांभळा उडाला कसा? तो निळा, पांढरा आणि लाल ‘लेक’ मिसळून केलेला होता. लेक म्हणजे विरघळणारा रंग तुरटीच्या साहाय्याने पांढऱ्या, रंगहीन चूर्णावर बसवून केलेलं रंगद्रव्य. हा रंग कोचिनील किड्यापासून यायचा किंवा इओसिनसारख्या डांबरापासून काढलेल्या नव्या द्रव्यांपासून. इओसिनची लेक म्हणजेच जिरेनियम लेक. उजेडाने तिचे रेणू तुटतात. निव्वळ जाड थरात वरचा पापुद्रा फिकटतो आणि खालचा टिकतो, पण पांढऱ्यात थोडीशी मिसळली की वाचवायला खाली काही उरतच नाही. कोबाल्ट मात्र ढिम्म हलत नाही, म्हणून निळा शिल्लक राहिला. व्हिन्सेंटला हे ठाऊक नव्हतं असं समजू नकोस. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने लिहिलं होतं की इम्प्रेशनिस्टांनी रूढ केलेले रंग अस्थिर आहेत, म्हणून ते बेधडक, भडकच वापरावेत, काळ त्यांना मऊ करीलच. काळाने जरा जास्तच मऊ केलं!

आणि हे एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही. चित्रकार रन्वारच्या १८८३ च्या मादाम क्लापिसाँच्या चित्रात पार्श्वभूमी आज थंड, निळसर-राखाडी दिसते, पण चौकटीखाली झाकलेल्या कडेला मूळचा तेजस्वी लाल सापडला. चित्रकार सुराच्या ‘ग्रांद जात’ या चित्रामध्ये झिंक यलोचे ठिपके काही वर्षांतच मातकट तपकिरी झाले. व्हिन्सेंटचा लाडका क्रोम यलोही उजेडाने काळवंडतो. त्यातला क्रोमियम रूप बदलतो, आणि फिकट, लिंबू छटेत गंधकाचा अंश जास्त असल्याने तीच आधी बिघडते.

एक गोष्ट मध्येच सांगतो. हे सगळे रंग त्याच्या हाती आले ते नळीमुळे. जॉन रँडने १८४१ मध्ये कथलाच्या दाबायच्या नळीचं पेटंट घेतलं. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत, टाचणीने भोक पाडून पिळत, आणि एकदा भोक पडलं की उरलेला सुकत जाई. नळी आल्यावर आर्लमध्ये बसून पॅरिसहून रंग मागवणं सोपं झालं. एप्रिल १८८८ च्या मागणीत जिरेनियम लेकच्या ६ लहान नळ्या आहेत. ताज्या घोटलेल्या हव्यात, तेलकट निघाल्या तर परत पाठवीन, असंही बजावलेलं आहे.

आता तुझं काम. आधी कोणतं ‘शयनगृह’ ते ठरव, कारण ती तीन आहेत. पहिलं ॲमस्टरडॅमचं, ऑक्टोबर १८८८ चं, सुमारे ७२ × ९१ सेंमी. दुसरं शिकागोचं, सप्टेंबर १८८९ चं, जवळपास त्याच मापाचं. तिसरं पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातलं, त्याच महिन्यातलं पण लहान, सुमारे ५७ × ७४. पत्रातलं वर्णन पहिल्याचं, म्हणून तेच घे. फ्रेंच दुकानातला ३० नंबरचा कॅनव्हास ९२ × ७३ चा असतो, तेवढाच ताण. पावसाळ्यात तो ढिला पडेल. तेव्हा ठोकून आवळू नकोस, नाहीतर कोरड्या हवेत नको तितका ताणला जाईल. जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन पातळ हात दे, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर हलका घास. हे अस्तर पांढरंच ठेव. काळपट अस्तरावर हे सपाट रंग मेलेले दिसतात.

नळी घेताना नाव वाचू नकोस, रंगद्रव्याचा क्रमांक वाच. कोबाल्ट ब्लू म्हणजे पीबी २८. ‘ह्यू’ लिहिलेल्या स्वस्त नळीत बहुधा अल्ट्रामरीनचं मिश्रण असतं, ते मुळातच लालसर असल्याने तुझं प्रमाण चुकेल. लेकच्या जागी अलिझरिन क्रिमसन, पीआर ८३, घेऊ नकोस. पांढऱ्यात ती उडते आणि तुझी भिंतही निळी होईल. क्विनाक्रिडोन घे, पीव्ही १९ किंवा पीआर १२२. क्रोम यलोत शिसं असतं, त्याऐवजी कॅडमियम यलो पीवाय ३५. निव्वळ झिंक व्हाइट नको, तेलात ते वर्षांनी ठिसूळ होऊन तडकतं. टिटॅनियम व्हाइट घे.

भिंतीसाठी टिटॅनियम ८ भाग, कोबाल्ट १ भाग इथून सुरू कर. क्विनाक्रिडोन फार जोरकस आहे, चाकूच्या टोकावर मावेल तेवढीच घे, ढवळ, मग पुन्हा तेवढीच. मिश्रण गुलाबीकडे झुकलं तर कोबाल्ट वाढव, पांढरा नको, त्याने खडूसारखं होतं. पुरेल तेवढं एकदम कर आणि झाकून ठेव. दुसऱ्या दिवशी तीच छटा पुन्हा जमत नाही.

कॅनव्हासवर लावण्याआधी कागदाच्या पट्टीवर ही छटा रंगव, शेजारी पलंगाचा पिवळा लाव आणि तीन मीटरवरून बघ. दोन्ही रंग थरथरल्यासारखे वाटले तर भिंत जास्त भडक झाली आहे. व्हिन्सेंटने ‘फिकट’ हा शब्द लिहिलाय, तो विसरू नकोस.

भराव जाड ठेवायचा आहे, तेव्हा नळीतलं जादा तेल काढ. रंग तपकिरी कागदावर अर्धा तास पसरून ठेव. रात्रभर ठेवलास तर तेल फार शोषलं जाऊन थर भुसभुशीत होईल. खसखशीच्या तेलातला पांढरा जाड थरात हळू सुकतो, वर साय धरून सुरकुततो, म्हणून जवसाच्या तेलातला शोध. आधी भिंती आणि जमीन पातळ, मग पलंग-खुर्च्या जाड, चपट्या राठ ब्रशने, पलंगाच्या फळीच्या दिशेने. बाह्यरेषा शेवटी.

वार्निश वर्षभर तरी नको. चौकट मात्र आत्ताच करून ठेव. चित्रात पांढरा नाही म्हणून चौकट पांढरी असेल, असं त्याने त्याच पत्रात लिहून ठेवलंय. पट्टीवरचा जांभळा जमला की लगेच कळव.

तुझा,
मित्र