‘दोन टक्के’ नेमके कशाचे?

महोदय,

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की स्थानिक पानांवर एक बातमी हमखास येते : ‘स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या यादीत आपल्या डॉक्टरांची निवड, जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत समावेश.’ सोबत शाल-श्रीफळाचा फोटो. मुळात इथे कोणी कोणाची निवड केलेली नसते. स्टॅनफर्डमधील प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सेव्हिअर या प्रकाशन-कंपनीच्या ‘स्कोपस’ या संशोधन-लेखांच्या माहितीसाठ्यावरून ही यादी काढतात. अर्ज नाही, समिती नाही, नुसते गणित. याद्याही दोन असतात : एक आख्ख्या कारकिर्दीची, दुसरी एकाच वर्षात मिळालेल्या सायटेशनची, म्हणजे दुसऱ्या लेखांत आपल्या पेपरचा जो संदर्भ दिला जातो त्याची. आपले डॉक्टर यांपैकी कोणत्या यादीत आहेत, हे बातमीत क्वचितच असते.

आणि ‘दोन टक्के’ म्हणजे स्वतःच्या उपशाखेतले. यादीसाठी विज्ञानाच्या 22 शाखा आणि 174 उपशाखा पाडल्या आहेत. सायटेशनवरून काढलेल्या एकत्रित गुणांकानुसार पहिल्या एक लाखात किंवा आपल्या उपशाखेच्या वरच्या दोन टक्क्यांत असाल, तर नाव येते. ही वाटणी हवीच, कारण सायटेशनचा भाव प्रत्येक शाखेत वेगळा. गणिताच्या पेपरखाली वीस-पंचवीस संदर्भ असतात, वैद्यकातल्या आढावा-लेखाखाली दीड-दोनशे सहज. वैद्यकाच्या आतही तेच. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या ‘सीए’ या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या लेखांना मिळणाऱ्या सरासरी सायटेशनचा आकडा) पाचशेच्या वरही गेला होता, कारण कर्करोगावर लिहिणारा जवळपास प्रत्येकजण पहिल्याच वाक्यात त्यातली वार्षिक आकडेवारी देतो. न्यायवैद्यकातली चांगली नियतकालिके दोन-तीनच्या आसपास असतात. म्हणून काय शवविच्छेदन करणारा कर्करोगतज्ज्ञाच्या शंभरपट कमी हुशार ठरतो?

एच-इंडेक्स या संशोधकाच्या एकूण कामगिरीच्या आकड्याचेही असेच. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो 2005 मध्ये मांडला. एखाद्याच्या सहा पेपरांना 310, 14, 9, 6, 5 आणि 3 सायटेशन असतील तर एच-इंडेक्स 5, कारण निदान पाच सायटेशन असलेले पेपर पाच आहेत. पहिल्याला 310 ऐवजी 31 असती तरी उत्तर तेच. शिवाय हा आकडा कधीच खाली येत नाही, निवृत्तीनंतरही वाढतो. नव्या सहायक प्राध्यापकाची विभागप्रमुखांशी त्यावरून तुलना करणे म्हणजे रोपट्याची वडाशी उंची मोजणे.

वैद्यकात खरी मेख असते ती लेखकांच्या क्रमात. काम करणारा बहुधा पहिला, मार्गदर्शक शेवटचा, बाकीचे मधले. जागतिक रोगभार अभ्यासाच्या (कोणत्या आजाराने जगाचे किती नुकसान होते ते मोजणाऱ्या प्रकल्पाच्या) पेपरांवर शेकडो लेखक असतात आणि प्रत्येकाच्या खात्यावर सायटेशन पूर्ण जमा होतात, वाटून नव्हे. अशा चार पेपरांत मधे कुठेतरी नाव असले की एकूण आकडा हजारोंत जातो. आयोनिडिस यांच्या गुणांकात सहा घटक आहेत आणि त्यांतले तीन केवळ एकट्याने, पहिल्या किंवा शेवटच्या स्थानी लिहिलेल्या पेपरांवर बेतलेले आहेत, ते यासाठीच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2022 च्या अध्यापक-पात्रता नियमांनीही पहिले तीन लेखक किंवा नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणारा लेखक, एवढ्यांनाच पेपरचे श्रेय दिले होते.

आपल्याकडे नावांचा घोळ वेगळाच. ‘पाटील एस.’ शोधा, निरनिराळ्या शाखांतले कितीतरी पाटील एकाच ओळीत येतात. प्रमाणपत्रावर आडनाव आधी छापलेले, म्हणून काही ठिकाणी वडिलांचेच नाव आडनाव होऊन बसते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांची कारकीर्द दोन प्रोफाइलमध्ये तुटते आणि दोन्हीकडे एच-इंडेक्स तोकडा दिसतो. उपाय साधा आहे : ऑर्किड (ORCID) या संशोधकांच्या ओळख-नोंदणीचा सोळा अंकी क्रमांक मोफत काढायचा, प्रत्येक पेपरला जोडायचा आणि स्कोपसमधली दोन प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती पाठवायची. गूगल स्कॉलरचा आकडा मात्र जपून वापरावा. त्यात प्रबंध, अहवाल, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच टाकलेले लेख) सगळेच मोजले जाते, त्यामुळे तो स्कोपसपेक्षा बहुधा मोठाच असतो.

सायटेशनच्या जाळीतून काय निसटते, त्याचे उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा घरोघरच्या नवजात बालसेवेवरचा पेपर ‘लॅन्सेट’मध्ये 1999 साली आला. सेवा दिलेली गावे 39, तुलनेसाठी 47; तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात 62 टक्के घट. पुढे 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाला घरी भेट देण्याची संयुक्त शिफारस केली. 2011 पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या बाळ 42 दिवसांचे होईपर्यंत सहा-सात वेळा घरी जाऊन वजन, ताप, श्वास पाहतात. त्या भेटींची नोंद स्कोपसमध्ये होत नाही.

तेव्हा बातमीदारांनी एवढे तरी विचारावे : यादी कारकिर्दीची की वर्षाची, उपशाखा कोणती, स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळून क्रमांक किती, आणि पहिल्या किंवा शेवटच्या नावाचे पेपर किती. सगळे एका एक्सेल फाइलमध्ये आहे, फुकट उतरवता येते. अलीकडच्या आवृत्त्यांत मागे घेतलेल्या पेपरांचाही रकाना आहे. फोटो छापण्याआधी तोही पाहून घ्यावा.

— एक वैद्यकीय ग्रंथपाल, नागपूर