नवी बॅटरी टाकण्याआधी चार्जिंग मोजा

महोदय,

पाऊस ओसरू लागला की क्रिकेटची मैदाने, महाविद्यालयांची क्रीडांगणे आणि मोठ्या गृहसंकुलांच्या हिरवळी येथे बसून चालवायची गवतकापणी यंत्रे दिवसभर फिरू लागतात आणि त्याच सुमारास त्यांच्या बॅटऱ्याही बसू लागतात. यंत्र सुरू होईना की नवी बॅटरी टाकायची, हा आपल्याकडचा ठरून गेलेला इलाज आहे. आमच्या मैदानावरील यंत्रालाही दुरुस्ती केंद्राने तोच इलाज केला. ती बॅटरीदेखील लवकरच उतरली, तेव्हा ‘कंपनी बदलून बघा’ असा सल्ला मिळाला. बिघाड प्रत्यक्षात व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये होता आणि तो शोधायला मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या शेजारच्या मिस्त्रींना साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे यंत्र) पुरला. दुचाकीच्या आरआर युनिटचे (रेग्युलेटर-रेक्टिफायरचे) आणि या रेग्युलेटरचे काम एकच.

इंजिनाच्या फ्लायव्हीलमधील चुंबक कॉइलभोवती फिरून जो प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह निर्माण करतात, त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून तो बॅटरीला सोसेल इतक्या दाबावर रोखणे, हे या तळहाताएवढ्या भागाचे काम असते. बंद यंत्राची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन पूर्ण वेगात असताना हा आकडा साधारणपणे 13.5 ते 14.7 पर्यंत चढायला हवा. तो जागचा हलला नाही, तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला, तर बॅटरीतले पाणी आटून तीच जळते. चार्जिंग होत नसेल, तर फ्यूज आणि कॉइलमधून येणारा प्रवाह तपासावा. ते ठीक असल्यास संशय रेग्युलेटरवरच येतो. एवढ्या तपासणीला फार तर अर्धा तास लागतो, पण बिलात तिच्यासाठी रकाना नसल्यामुळे बहुधा ती होत नाही.

बदलण्याचे काम त्याहून सोपे असले, तरी त्यातली एक गोष्ट हमखास विसरली जाते. अनेक इंजिनांवर रेग्युलेटरचे अर्थिंग स्वतंत्र तारेने नव्हे, तर त्याच्या धातूच्या अंगातून आणि बोल्टांतूनच होते. आमचा जुना भाग काढला, तेव्हा त्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत वाळक्या गवताचा थर घट्ट बसलेला होता आणि बोल्टांखालची जागा गंजून तांबूस झाली होती. मिस्त्रींनी आधी बॅटरीची ऋण तार सोडली, ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली आणि मगच नवा भाग कसला. गंजावरच तो बसवला असता, तर चांगला भागही निकामी ठरवून परत गेला असता. बॅटरी उलटी जोडल्यानेही रेग्युलेटर जळतो, याची ताकीद यंत्र चालवणाऱ्या माळ्यापर्यंत सहसा पोहोचतच नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले आणि त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली. मैदानांवरील यंत्रे यांपैकी नेमकी कोठे बसतात, हे विभागाने स्पष्ट करावे. उत्पादकांनी वायरिंगचा नकाशा आणि सुट्या भागांचे क्रमांक मराठीत छापून यंत्रासोबत द्यावेत, कारण आमच्या हाती आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत सुरक्षेच्या सूचनाच पानोपानी होत्या आणि वायरिंगचा पत्ता नव्हता.

तोवर क्रीडांगण समित्यांना आणि सोसायट्यांना एक गोष्ट आजही करता येईल. इंजिन बंद असताना आणि पूर्ण वेगात असताना घेतलेली व्होल्टची नोंद दुरुस्ती केंद्राच्या सही-शिक्क्यासह जोडलेली नसेल, तर नव्या बॅटरीचे बिल मंजूर करू नये.

आपला,
क्रीडांगण समितीचा एक सदस्य, नाशिक