नफा छापता, तो कसा आला तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात दर तिमाहीला कंपन्यांचे रिझल्ट येतात, नफा एवढा वाढला, शेअर एवढा चढला, सोबत सीईओचा फोटो. मी ते नेमाने वाचतो, आणि एक गोष्ट सारखी खटकते म्हणून लिहितोय. कुठे हिशोबात घोळ निघाला की सगळे आधी अकाउंट्सवाल्यांना आणि ऑडिटरला धरतात. माझ्या मते आकडा बिघडायला लागतो तो वरच्या केबिनमध्ये, खाली तो फक्त लिहिला जातो.

जपानच्या तोशिबा कंपनीचंच बघा. सप्टेंबर 2012 मध्ये तिमाही संपायला 3 दिवस उरले असताना प्रेसिडेंटने कॉम्प्युटर विभागाला सांगितलं, नफा 1200 कोटी येनने सुधारून दाखवा. 3 दिवसांत कोण काय विकणार हो? पण तिथे वरच्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती, मग खर्च पुढच्या तिमाहीत ढकल, जोडणी करून देणाऱ्या कंपनीला पार्ट्स चढ्या भावाने दे आणि तो फरक आत्ताच नफ्यात धर, असं करत करत सुमारे 7 वर्षांत 15 हजार कोटी येनहून जास्त नफा फुगवलेला निघाला. हे 2015 ला बाहेर आलं. आणि कागदावर बघाल तर गव्हर्नन्समध्ये, म्हणजे कारभारावर देखरेख ठेवण्यात, हीच कंपनी पुढे, बाहेरचे डायरेक्टर असलेल्या कमिट्या तिने 2003 लाच नेमल्या होत्या! ऑडिट कमिटीच्या प्रमुखपदी मात्र कंपनीचाच माजी सीएफओ, म्हणजे पैशाचा कारभार बघणारा मुख्य अधिकारी. तो कोणाचे हिशोब तपासणार होता?

अमेरिकेतल्या एन्रॉन या ऊर्जा कंपनीत तर नियमही होता. सीएफओने कंपनीशीच व्यवहार करणारी स्वतःची भागीदारी चालवायची नाही. 1999 मध्ये बोर्डानेच ती अट त्याच्यासाठी शिथिल केली, आणि डिसेंबर 2001 ला कंपनी दिवाळखोरीत.

हे झाले घोटाळे, त्यांची निदान चर्चा तरी होते. मला जास्त काळजी वाटते ती कायद्यात बसणाऱ्या प्रकारांची. अमेरिकेत सुमारे 400 फायनान्स अधिकाऱ्यांना विचारून केलेला एक अभ्यास 2005 मध्ये आला, त्यात 80 टक्के लोकांनी सांगितलं की नफ्याचं टार्गेट गाठायला आम्ही रिसर्च, जाहिरात, मेंटेनन्स यावरचा खर्च कापू. ऑडिटर याला काय बोलणार, सगळं रीतसरच आहे. रिसर्च थांबवला की या वर्षीचा नफा चांगला दिसतो, दोन-तीन वर्षांनी नवीन प्रॉडक्ट नसतो आणि जुनी मशिनं बंद पडायला लागतात, तोवर सीईओ बोनस घेऊन दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो आणि खापर फुटतं नव्या माणसावर नाहीतर कामगारांवर. वर बुडीत उधारीची तरतूद किती करायची, मशिनचं आयुष्य किती वर्षं धरायचं, हे अंदाजही त्याच लोकांच्या हातात ज्यांचा बोनस त्या नफ्यावर ठरतो. इथे बोर्डात रोखठोक विचारणारं कोणी नसेल तर काय होणार ते उघड आहे.

टार्गेट नकोच असं माझं म्हणणं नाही आणि सगळे सीईओ असे असतात असंही नाही. पण तुम्ही एवढं कराच. नफ्याच्या शेजारी धंद्यातून प्रत्यक्ष आलेली कॅश छापा, मागच्या 3 वर्षांची, नफा वाढतोय आणि कॅश येत नाही असं दिसलं तर कंपनीला विचारा की बाबा पैसे अडकलेत कुठे. सीईओचा बोनस कशावर ठरतो ते एका ओळीत द्या. आणि सीएफओ, ऑडिटर किंवा इंडिपेंडंट डायरेक्टर मुदतीआधीच बाहेर पडला तर 'वैयक्तिक कारणास्तव' एवढं छापून ती बातमी आतल्या पानावर टाकू नका, त्याला फोन करा, बोर्डाला फोन करा, आणि उत्तर नाही मिळालं तर तेही छापा.

आपला,
एक नियमित वाचक